विश्वास ठेवला म्हणजे नेमकं काय केलं?

छड्यांचा मार खाऊन आलेल्या दोन कैद्यांना फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याने आतल्या कोठडीत टाकलं आणि त्यांचे पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री भूकंप झाला, दारं उघडली, बेड्या गळून पडल्या. कैदी पळाले असं समजून त्याने स्वतःचा जीव घ्यायला तलवार उपसली. तेवढ्यात अंधारातून आवाज आला, थांब, आम्ही सगळे इथेच आहोत. दिवा मागवून तो धावत आत गेला, कापत कापत त्या दोघांच्या पाया पडला आणि विचारू लागला, माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू? पौल आणि सीला यांनी दिलेलं उत्तर एका ओळीत मावतं: प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझं आणि तुझ्या घराण्याचं तारण होईल.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातली ही गोष्ट ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्या कुणालाही ठाऊक असते. पण उत्तर इतकं छोटं आहे की गोंधळ तिथूनच सुरू होतो. विश्वास ठेवायचा म्हणजे करायचं काय? मनातल्या मनात ‘हो’ म्हणायचं, की बाप्तिस्मा घ्यायचा, की एका रात्री हात वर करून पुढे जायचं? ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला तर वेगळीच शंका येते: नुसतं मानलं की सुटका, मग वागणं कसंही असलं तरी चालतं की काय? ही शंका आजची नाही. पौलाच्या हयातीतच लोक त्याला हे तोंडावर विचारत होते आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो त्यावर चांगलाच चिडलेला दिसतो.

आधी ‘तारण’ या शब्दामागची कल्पना थोडक्यात. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे माणूस पापामुळे देवापासून तुटला आहे आणि हे तुटलेलं नातं त्याला स्वतःच्या पुण्याईने जोडता येत नाही. येशूच्या वधस्तंभावरच्या मरणातून आणि पुनरुत्थानातून देवाने ते स्वतः जोडलं. माणसाला ते दान म्हणून मिळतं, आणि ते घ्यायचं विश्वासाने. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच आहे: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, म्हणजे कुणाला बढाई मारायला जागा उरू नये. आता प्रश्न एवढाच राहतो की दान घेणारा हा विश्वास कशाचा बनलेला असतो.

जाणणं, मानणं आणि भार टाकणं

सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरचा सहकारी फिलिप मेलांख्थॉन आणि त्याच्यामागून आलेले प्रोटेस्टंट पंडित यांनी विश्वासाची तीन अंगं सांगितली. पहिलं, माहिती: येशू कोण, त्याने काय केलं हे ठाऊक असणं. दुसरं, मान्यता: ती माहिती खरी आहे हे पटणं. तिसरं, भरवसा: त्या येशूवर स्वतःला सोपवणं. पहिली दोन अंगं हवीतच. फिलिप्पैच्या त्या अधिकाऱ्यालाही एका ओळीचं उत्तर देऊन पौल झोपायला गेला नाही. त्याला आणि त्याच्या घरच्या सगळ्यांना प्रभूचं वचन सांगितलं, असं ‘कृत्यां’चा लेखक लूक लिहितो. कशावर विश्वास ठेवायचा हेच माहीत नसेल तर विश्वासाला धरायला काही नाही.

पण ही दोन अंगं असूनही माणूस होता तिथेच राहू शकतो. याकोबाने आपल्या पत्रात हे एका फटक्यात सांगितलं आहे: देव एकच आहे असं तू मानतोस? छान. भुतंही तेच मानतात, आणि थरथर कापतात. मार्कच्या शुभवर्तमानात कफर्णहूमच्या सभास्थानात येशूला ‘देवाचा पवित्र तो’ म्हणून ओळखणारा कोण आहे, तर अशुद्ध आत्मा. शिष्यांना अजून धड काही कळलेलं नाही, लोक आश्चर्य करत बसले आहेत, आणि त्या आत्म्याचं ज्ञान मात्र बिनचूक. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते.

तिसऱ्या अंगासाठी एक नेहमीची गोष्ट घेऊ. पोटात गाठ आहे, ती काढावी लागणार, अमुक सर्जन त्यात तरबेज आहेत, हे सगळं पेशंटला माहीत असतं आणि पटलेलंही असतं. तरी कित्येक जण ‘दिवाळी होऊ द्या’ म्हणत महिने घालवतात. ज्या दिवशी तो संमतीपत्रावर सही करून टेबलावर आडवा होतो, त्या दिवशी त्याचा भरवसा खरा ठरतो. टेबलावर तो काहीच करत नाही; गाठ काढणारे हात सर्जनचे. सहीने कुणाचा आजार बरा होत नाही, पण सही केल्याशिवाय सर्जनला हातही लावता येत नाही. आणि त्याला जी भीती वाटत असते ती सही करतानाही पुरती गेलेली नसते. सही थरथरत्या हाताने केली म्हणून ऑपरेशन अर्धवट होत नाही.

१५६३ साली जर्मनीत छापल्या गेलेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीचा एकविसावा प्रश्न खरा विश्वास म्हणजे काय असा आहे. उत्तरात ज्ञान येतं, मान्यता येते, आणि मग सगळ्यात महत्त्वाचा तुकडा येतो: पापांची क्षमा इतरांनाच नव्हे, तर मलाही दिली आहे, असा मनापासूनचा भरवसा. या ‘मलाही’वर बरंच काही अडून बसतं. येशू जगाचा तारणारा आहे असं म्हणायला फारसं काही लागत नाही. तो माझा तारणारा आहे असं म्हणताना मला तारण लागतं, हे आधी कबूल करावं लागतं, आणि शिकलेल्या, अब्रूदार माणसाला नेमकं तेच जड जातं.

रमाबाईंची आठ वर्षं

या फरकाचं मराठीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे, आणि ते आपल्याकडे फारसं नीट सांगितलं जात नाही. समाजसुधारक रमाबाई सगळ्यांना माहीत असतात. धर्मांतर केलेल्या रमाबाईंवर वाद होतात. त्यांनी स्वतः आपल्या विश्वासाबद्दल काय लिहिलं, ते या दोन्हींच्या मध्ये हरवतं.

त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. बरोबर लहानगी मनोरमा होती, तिचाही झाला. तेव्हा रमाबाई पंचवीस वर्षांच्या. आई-वडील आणि बहीण दुष्काळातल्या उपासमारीत गेले होते, भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये, नवरा बिपिनबिहारी १८८२ मध्ये. संस्कृतातलं भागवत तोंडपाठ, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही बाई काही भाबडेपणाने ख्रिस्ती झाली नव्हती. लंडनजवळच्या फुलहॅममध्ये समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी काम करत होत्या, ते त्यांनी पाहिलं. हे लोक असं का करतात, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. स्त्रीला वर उचलू शकेल असा हा ख्रिस्तच, हे रमाबाईंना तिथे पटलं.

म्हणजे माहिती होती आणि मान्यताही होती, आणि मान्यता डोळे झाकून दिलेली नव्हती. ज्या भगिनींच्या आश्रयाला त्या राहत होत्या, त्यांच्याशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून), चर्चच्या अधिकारावरून त्यांचे पत्रांतून कडाडून वाद चालले. भारतातल्या पुरोहितांचं जोखड नुकतंच मोठ्या कष्टाने झुगारलं आहे, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी पैसा उभा केला आणि मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं. बाहेरून बघणाऱ्याला आणखी काय हवं? बाप्तिस्मा आहे, अभ्यास आहे, त्याग आहे, सेवा आहे.

आणि तरी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे आपल्या विश्वासाच्या कहाणीत, त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं त्या असमाधानीच होत्या. ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा त्यांचा हिशेब आहे. याच काळात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ दीक्षा घेऊन, मंडळीची जबाबदारी सांभाळून, उपदेश करत होता, आणि ज्याचा उपदेश करतो त्याच्यावर आपण स्वतः कधी विसंबलोच नाही हे त्याला फार उशिरा उमगलं. ते वाचून रमाबाई चपापल्या. आपलं तेच झालं आहे का? १८९१ च्या सुमारास, स्वतःच्या बळाचा शेवट झाला असं जाणवल्यावर, त्यांनी कुठलीही अट न घालता स्वतःला तारणाऱ्याच्या हाती दिलं. पुढे कुठेतरी मिळेल म्हणून जमवत बसायचं पुण्य म्हणजे तारण नव्हे, ते आताच मिळतं, हे त्यांना पहिल्यांदा आपलं वाटलं.

या घटनेत मला सगळ्यात विचार करण्यासारखी वाटते ती एक गोष्ट. शारदा सदन १८९१ च्या आधीचं आहे. दुष्काळातून मुली आणणं, केडगावचं मुक्ती सदन, बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून मराठी भाषांतर, हे सगळं नंतरचं. आधीही बाई राबत होती, नंतरही राबत होती. नुसतं काम मोजत बसलं तर दोन कालखंडांमध्ये भिंत कुठे घालायची हे सांगता येणार नाही. बदलला तो टेकू. आधी आपली बुद्धी, आपला निश्चय, आपलं चांगुलपण यांच्यावर उभ्या असलेल्या रमाबाई नंतर दुसऱ्याच कुणावर टेकून उभ्या राहिल्या. तारणाच्या विश्वासाबद्दल एकच गोष्ट सांगायची झाली तर मी हीच सांगेन: तो किती आहे याच्या आधी तो कशावर टेकला आहे हे बघायचं असतं.

याचा अर्थ १८८३ चा बाप्तिस्मा खोटा होता असा कुणी घेऊ नये. वाँटेजच्या भगिनींनी, किंवा आजच्या कॅथलिक धर्मगुरूंनीही, असं म्हटलं असतं की बाप्तिस्म्यात देवाने पेरलेलं बी आठ वर्षांनी वर आलं. तेही म्हणता येतं. पण रमाबाई स्वतः जिथे रेघ मारतात, तिथे आपण ती पुसू नये.

पाठ फिरवल्याशिवाय तोंड वळत नाही

विश्वासाबरोबर पश्चात्ताप येतो. तो विश्वासाआधी भरायची वेगळी फी नाही. एका गोष्टीवरचा भार काढल्याशिवाय तो दुसरीवर पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हे न झाल्यास काय होतं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात दिसतं. शोमरोनात शिमोन नावाचा जादूगार होता. फिलिप्पाचा उपदेश ऐकून त्यानेही विश्वास ठेवला, बाप्तिस्मा घेतला, असं तिथे शब्दशः लिहिलं आहे. मग प्रेषितांनी हात ठेवल्यावर पवित्र आत्मा मिळतो हे बघून त्याने पैसे पुढे केले: हा अधिकार मलाही द्या. पेत्र त्याला म्हणाला, तुझं अंतःकरण देवासमोर सरळ नाही. शिमोनाने गुरू बदलला होता, धंदा तोच ठेवला होता.

त्याच्या शेजारी यरीहोचा जक्कय उभा करून बघा. हा जकातदारांचा मुख्य, रोमन सत्तेसाठी आपल्याच लोकांना लुटून गब्बर झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, आणि कुणी न सांगता जक्कय उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं काही फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. मोशेच्या नियमशास्त्रात, लुबाडल्याची कबुली देऊन परतफेड करणाऱ्याने मूळ रकमेवर एक पंचमांश जादा द्यावा, असं आहे. जक्कयाने मेंढी चोरून विकणाऱ्याला असलेला दर स्वतःला लावून घेतला. ज्याचा जीव पैशात होता, त्याच्या पैशावरची पकड सुटली, म्हणूनच येशू म्हणू शकला की आज या घराला तारण लाभलं आहे.

आणि वधस्तंभावरचा चोर? त्याला परतफेड करायला ना हात मोकळे, ना वेळ. चांगल्या कर्मांशिवाय तारण मिळतं याचा पुरावा म्हणून त्याचं नाव नेहमी घेतलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण लूकने दिलेली ती तीन वाक्यं सावकाश वाचली तर एवढ्याशा वेळात त्या माणसाने काय काय केलं ते दिसतं. शेजारच्या अपराध्याला त्याने देवाची भीती घातली. आपल्याला मिळालेली शिक्षा योग्य आहे हे कबूल केलं. येशू निर्दोष आहे हे म्हणाला. आणि मग, रक्तबंबाळ होऊन मरणाऱ्या माणसाला त्याने राजा समजून विनंती केली: आपल्या राज्यात याल तेव्हा माझी आठवण करा. जिवंत विश्वासाला दहा मिनिटं मिळाली तर तो दहा मिनिटांत जेवढं मावेल तेवढं करतो.

पौल आणि याकोब यांचं भांडण?

आता तो गाजलेला पेच. पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब म्हणतो, माणूस केवळ विश्वासाने नाही, तर कर्मांनी नीतिमान ठरतो. आणि दोघेही साक्षीदार म्हणून अब्राहामालाच उभा करतात, दोघेही उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातलं तेच वाक्य काढतात: अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व असा गणला गेला. लूथर या पेचाने इतका वैतागला की १५२२ च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला ‘गवताचं पत्र’ म्हणून टाकलं. मोठी माणसंही चिडली की काहीही बोलतात.

पेच सुटतो तो अब्राहामाचा कालक्रम बघितल्यावर. पौल बोट ठेवतो ते पंधराव्या अध्यायावर. त्या वेळी अब्राहामाजवळ दाखवायला काहीही नाही. मूल नाही, सुंता नाही, आकाशातले तारे दाखवून दिलेलं एक वचन आहे, बस. याकोब पुढे जातो बाविसाव्या अध्यायात, जिथे मोरियाच्या डोंगरावर तो इसहाकाला वेदीवर ठेवतो. मध्ये कित्येक वर्षं गेलेली आहेत. विश्वास गणला गेला तो आधी, आणि तो विश्वास खरा होता हे उघड झालं ते नंतर. पौल सांगतो तारण कशाने मिळतं, याकोब सांगतो ते मिळालेला माणूस ओळखायचा कसा. दोघांचे विरोधकही वेगवेगळे. पौलासमोर कर्मांचा हिशेब घेऊन देवाकडे जाणारे आहेत. याकोबासमोर असा माणूस आहे, जो अंगावर वस्त्र नसलेल्या, त्या दिवसाचं अन्न नसलेल्या भावाबहिणीला ‘सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हणून मोकळ्या हाताने वाटेला लावतो.

पंधरा आणि बावीसच्या मधला सोळावा अध्याय मात्र कुणी मोठ्याने वाचत नाही. विश्वास गणला गेल्यानंतर लगेचच अब्राहामाचा धीर सुटतो आणि साराच्या सांगण्यावरून तो हागारेकडे जातो. त्याच्या शहाऐंशीव्या वर्षी इश्माएल जन्मतो. वचनाचा मुलगा इसहाक यायला तो शंभर वर्षांचा व्हावा लागला. देवाने गणलेला विश्वास असा ठेचकाळणारा होता, आणि तरी देवाने ते गणणं मागे घेतलं नाही.

याच लूथरने रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत विश्वासाचं जे वर्णन केलं आहे, ते याकोबानेही आनंदाने मान्य केलं असतं: विश्वास ही जिवंत, सतत राबणारी गोष्ट आहे, सत्कर्मं करावीत का असं ती विचारत बसत नाही, विचारण्याआधीच ती करून मोकळी होते. दोनशे वर्षांनी, २४ मे १७३८ च्या संध्याकाळी, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका लहान सभेत कुणीतरी हीच प्रस्तावना वाचत होतं आणि ऐकणाऱ्यांत पुढे मेथडिस्ट चळवळ उभी करणारा जॉन वेस्ली होता. हाही दीक्षा घेतलेला पाळक. अमेरिकेत मिशनरी होऊन, हात हलवत परतलेला. जाताना जहाज वादळात सापडलं तेव्हा मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाची कुटुंबं शांतपणे स्तोत्रं गात होती आणि आपण मात्र मरणाला भ्यालो, हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. त्या संध्याकाळी आपल्या हृदयात ऊब जाणवली आणि ख्रिस्ताने माझी, माझीसुद्धा पापं दूर केली अशी खात्री मिळाली, असं त्याने रोजनिशीत लिहिलं. पुन्हा तोच ‘मलाही’.

वसई, गोवा किंवा मुंबईतल्या कॅथलिक वाचकाला इथे वाटेल की ही सगळी प्रोटेस्टंट मांडणी झाली. काही अंशी खरं आहे. १३ जानेवारी १५४७ रोजी कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने विश्वासाला तारणाचा आरंभ आणि पाया म्हटलं, पण ‘केवळ विश्वासाने’ हे नाकारलं. तारणाच्या विश्वासात आशा आणि प्रीती मिळालेली असली पाहिजेत, संस्कारांतून कृपा वाढत गेली पाहिजे, असा तिचा आग्रह होता. साडेचारशे वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघटना यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो तो आपल्या कसल्याही गुणामुळे नव्हे, केवळ कृपेने, आणि तोच आपल्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करतो. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण गाभ्यात आता पूर्वीची आग नाही, आणि हे आपल्याकडच्या मंडळ्यांत अजून पुष्कळांना ठाऊकही नाही.

भूक, भाकरी आणि बाप्तिस्मा

खोटा विश्वास नेहमी ढोंगीच असतो असं नाही. कधी तो फक्त भुकेलेला असतो. ‘तांदळासाठी ख्रिस्ती’ हा टोमणा आपल्याकडे जुना आहे, आणि त्यातला प्रश्न मिशनऱ्यांनाही पडत होताच. आजच्या आंध्रातल्या ओंगोलला जॉन क्लफ हा अमेरिकन बाप्टिस्ट १८७६ ते ७८ च्या दुष्काळात कालवा खणण्याचं काम घेऊन हजारो लोकांना रोजगार देत होता. बाप्तिस्मा मागणारे वाढू लागले तेव्हा त्याने बाप्तिस्मा देणंच थांबवलं. कामाचा आणि धान्याचा संबंध संपेपर्यंत थांबा, मग बघू. मदत बंद झाल्यावरही लोक येतच राहिले, आणि ३ जुलै १८७८ रोजी एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. त्या सगळ्यांचा विश्वास तारणाचा होता का, हे कुणी माणूस सांगू शकत नाही. क्लफने निदान जे माणसाच्या हातात होतं तेवढं केलं: विश्वास आणि भाकरी यांच्यामध्ये थोडं अंतर ठेवलं. आज नोकरी, लग्न, व्हिसा, आजार यांसाठी घाईघाईने दिल्या जाणाऱ्या ‘साक्षी’ ऐकताना एवढं अंतर तरी ठेवावं असं वाटतं.

यातूनच एक चुकीची शिकवण वाढते, आणि तिच्याबद्दल मला गप्प बसवत नाही. प्रार्थना करूनही मूल दगावलं, कॅन्सर बरा झाला नाही, की कुणीतरी येऊन सांगतं, ‘तुमचा विश्वास कमी पडला.’ दुःखात असलेल्या माणसाला सांगायची याहून क्रूर गोष्ट मला माहीत नाही, आणि ती बायबलला धरूनही नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय विश्वासवीरांची यादी देतो. तिथे विश्वासाने सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत, आणि त्याच विश्वासाने करवतीने चिरले गेलेलेही आहेत. यादी एकच, वाक्यही जवळपास एकच. रमाबाईंनी जिच्यावर मुक्ती सदनाची सगळी भिस्त ठेवली होती ती मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्याआधी गेली. त्यांचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

ज्या बापाच्या मुलाला झटके येत होते, तो मार्कच्या नवव्या अध्यायात येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एका दमात दोन्ही. येशूने त्याला आधी पुरेसा विश्वास घेऊन ये असं सांगितलं नाही; मुलाला बरं केलं. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरतो असं येशू म्हणतो, ते यासाठीच. मोठेपण दाण्यात नसतं.

तारीख आठवलीच पाहिजे का?

आपल्या पुष्कळ मंडळ्यांत साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस तारीख सांगतो: अमुक साली, अमुक संजीवन सभेत, माझं तारण झालं. पौलाला दिमिष्काची वाट होती, जिथे तो येशूकडे वळला; वेस्लीला ऑल्डर्सगेट. ज्याच्याकडे अशी तारीख आहे त्याने ती जरूर सांगावी. त्रास होतो तो तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या ख्रिस्ती घरातल्या, रविवार शाळेत वाढलेल्या मुलामुलींना. त्यांना कुठलीही रात्र आठवत नाही आणि मग आपला विश्वास उसनाच आहे की काय, अशी धाकधूक सुरू होते.

त्यांच्यासाठी पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य आहे. त्याच्या विश्वासाबद्दल लिहिताना पौल तारीख विचारत नाही. आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात जो निष्कपट विश्वास होता तोच तुझ्यात आहे अशी माझी खात्री आहे, असं म्हणतो. विश्वास असा घरातून येऊ शकतो. १६४६ मध्ये इंग्लंडमध्ये तयार झालेल्या, वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार नावाच्या प्रोटेस्टंट मतपत्रात तर साफ लिहिलं आहे की तारणाची पक्की खात्री हा विश्वासाचा इतका अविभाज्य भाग नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी पुष्कळ काळ झगडावं लागू शकतं. सही करणाऱ्याला सहीची वेळ आठवली नाही, तरी तो टेबलावर आहे की नाही हे कळतं.

ते कळण्याच्या खुणा योहानाच्या पहिल्या पत्रात विखुरलेल्या आहेत, आणि त्या फारशा चमत्कारिक नाहीत. पाप केलं तर ते झाकतोस की कबूल करतोस? भावाला गरज असताना हात आखडतोस का? येशू कोण याबद्दलचं तुझं म्हणणं लोकांच्या मर्जीप्रमाणे फिरतं का? कुणीच यात पैकीच्या पैकी उतरत नाही, आणि योहानालाही ते माहीत आहे; त्याच पत्रात तो लिहितो की आपल्यात पाप नाही असं म्हणणारा स्वतःला फसवतो. दृढीकरणाच्या वर्गात मुलं प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार धडाधड म्हणून दाखवतात. पाळक मान डोलावतात, आयांचे चेहरे खुलतात. त्या पाठांतराला नावं ठेवू नयेत, माहितीशिवाय पुढे जाता येत नाही. पण लोईस आणि युनीके यांची नावं घेऊन झाल्यावर पौल लगेच पुढच्याच वाक्यात तीमथ्याला आठवण करून देतो, की देवाचं जे कृपादान तुझ्यात आहे ते आता तूच चेतव.